चतुरांच्या दिव्याखाली छापलेली ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरवड्यापूर्वी रंगीत काचेच्या दिव्यांवर अख्खं पान आलं होतं. अमेरिकेतल्या लुई टिफनी या काचकलावंताच्या कारखान्यात झालेल्या टिफनी दिव्यांना मराठीत एवढी जागा मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्याबद्दल आधी मनापासून आभार. ते पान कापून मी माझ्या कामाच्या टेबलासमोर लावलंय. पण टेबलाशी बसलं की नजर त्यातल्या दोनच ओळींवर जाते. मथळ्याखाली ‘रंगवलेल्या काचेचे दिवे’ असं म्हटलंय आणि चतुर या उडत्या कीटकांची नक्षी असलेल्या दिव्याच्या फोटोखाली ‘लुई टिफनी यांनी घडवलेला दिवा’ असं छापलंय. पहिली चूक शब्दाची आहे, तिचं थोडक्यात निस्तरता येईल. दुसरीबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. त्या दिव्यामागच्या बाईचं, क्लारा ड्रिस्कॉलचं, नाव जवळजवळ शंभर वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. आता ते सापडलंय, तर ते छापलं जायला हवं.

मी शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर काचेचं काम शिकले. काचेच्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची आणि मग डाख देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, ते जोडायचे, असं हे काम. दिव्यांसाठी टिफनीच्या कारखान्यात हीच पद्धत होती. माझे दिवे साधे, शंभर-सव्वाशे तुकड्यांचे. पण तेवढ्यातही हात काय काय सोसतात हे मला माहीत आहे, म्हणून हे पत्र.

आधी ‘रंगवलेल्या’ काचेबद्दल. युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांमध्ये काच रंगीत असली तरी चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या या गडद रंगाने काचेवर काढून भट्टीत पक्क्या केलेल्या असत. चांदीच्या क्षारांनी काचेला पिवळा डागही देत. ‘स्टेन्ड ग्लास’ या नावातला ‘स्टेन’ म्हणजे तोच डाग. टिफनीच्या दिव्यांत असं काहीच नाही. पाकळीवरची छटा, पानाची शीर, पाण्यावरचा तरंग, सगळं काचेच्या पोटात आहे. काच वितळलेली असतानाच तिच्यात दोन-तीन रंग मिसळत आणि पुरते एकजीव होण्याआधीच तिची चादर ओतत. कधी तापलेली चादर अवजारांनी ढकलून, ओढून तिला चक्क कापडासारख्या चुण्या पाडत. मॅग्नोलियाच्या जाड पाकळ्यांसाठी अशीच काच वापरलेली आहे. कधी फुंकलेल्या पातळ काचेच्या कपच्या टेबलावर विखरून त्यांच्यावर वितळलेली काच ओतत. दुरून पाहिलं की ती झाडीतून झिरपणाऱ्या उन्हासारखी दिसते.

ही दुधी, धुरकट, ढगाळ काच एकट्या टिफनीची नव्हे. जॉन ला फार्ज या चित्रकाराने 1880 साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. टिफनीची पेटंटं 1881 ची. पुढे दोघांचं बिनसलं, पण अमेरिकन काचेचा चेहरामोहरा बदलला तो या दोघांमुळे. 1893 मध्ये टिफनीने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, कोरोना इथे स्वतःची भट्टी उभी केली. ती सांभाळायला इंग्लंडच्या स्टोअरब्रिजहून आलेला आर्थर नॅश हा जाणकार काचकामगार ठेवला. या काचेला त्यांनी ‘फाव्हरिल’ हे नाव दिलं. हाताने घडवलेलं, अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते बेतलेलं होतं.

काच जमली तरी दिवा व्हायला बल्बही हवाच होता. उघड्या ज्योतीला वर मोकळी जागा लागते, काजळी धरते, आच लागते. विजेचा बल्ब कसाही लावा, उलटा लावा, चालतो. 1885 साली न्यूयॉर्कच्या लायसियम थिएटरच्या प्रकाशयोजनेत टिफनी आणि एडिसन दोघांचाही हात होता. तरी टिफनीच्या सुरुवातीच्या काही दिव्यांच्या बैठकीत रॉकेलची टाकी आहे, कारण वीज अजून सगळ्या घरांत पोचली नव्हती. तेव्हाचा बल्बही मंद आणि पिवळसर होता. काचेची निवड त्या उजेडाला धरूनच केलेली. मी माझ्या पहिल्या दिव्यात पांढराफेक एलईडी लावला होता. माझी सगळी पिवळी फुलं त्यात फिकट, आजारी दिसायला लागली. बल्ब बदलला आणि तीच फुलं उमलून आली. असा दिवा कुणाच्या घरी असेल तर त्यांनी हे एकदा करून पाहावं.

आता क्लारा ड्रिस्कॉल.

क्लारा 1861 मध्ये ओहायो राज्यातल्या टॉलमॅज गावी जन्मली. क्लीव्हलंडला रेखाटनाचं शिक्षण घेतलं, मग न्यूयॉर्कला आली आणि 1888 मध्ये टिफनीकडे कामाला लागली. पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि नोकरी सुटली, कारण लग्न झालेल्या बाईला तिथे ठेवत नसत. 1892 मध्ये नवरा वारला आणि ती परत रुजू झाली. त्याच वर्षी बायकांचा स्वतंत्र काचकाम विभाग सुरू झाला आणि त्याची जबाबदारी तिच्याकडे आली. सुरुवातीला सहाजणी होत्या, 1894 पर्यंत पस्तीस झाल्या. त्या स्वतःला ‘टिफनी गर्ल्स’ म्हणत. खिडक्यांसाठी, भिंतीवरच्या मोझेइकसाठी काच निवडायची आणि कापायची, हे त्यांचं काम. मग 1898 च्या सुमारास क्लाराच्या मनात आलं की खिडकीसारखंच काचेचं चित्र दिव्याच्या छत्रीवर का नको. तिच्या पत्रांतून हे सगळं समजतं. विस्टेरिया, पिओनी, डॅफोडिल या फुलांचे दिवे आणि आपण ज्याचा फोटो छापलात तो चतुरांचा, हे सगळे तिचेच. चतुरांच्या दिव्याला 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात कांस्यपदक मिळालं, तेही तिच्या नावाने.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेले होते तेव्हा न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटी या संग्रहालयात हा दिवा समोरून पाहिला. चौथ्या मजल्यावर एक मोठं दालन आहे, 2017 मध्ये उघडलेलं, इव्हा यिरिच्ना या वास्तुरचनाकार बाईंनी सजवलेलं. दालन जवळजवळ काळोखं आणि त्यात शंभर दिवे पेटलेले. मी एकेक बघत पुढे जाईन असं मुलीला वाटलं होतं. मी चतुरांपाशीच अडकले.

छत्रीच्या खालच्या कडेला डोकी खाली करून चतुर बसलेत, पंख पसरलेले, एकाच्या पंखाचं टोक दुसऱ्याच्या पंखाला टेकलेलं. डोळे म्हणजे काचेचे फुगीर मणी, छत्रीबाहेर आलेले, आतून उजेड पडला की खरंच पाहताहेत असं वाटतं. आणि पंख! काच तर आहेच, पण तिच्यावर धातूची अतिशय बारीक जाळी बसवली आहे, आम्लाने कोरून काढलेली. चतुराच्या पंखावर शिरांचं जाळं असतं ना, तसंच्या तसं. लावलेल्या दिव्यात ती जाळी काळी, नाजूक रेघ होऊन उमटते. मी चष्मा काढून, घालून, वाकून, कडेने पाहिलं. मुलगी शेवटी बाकावर जाऊन बसली. मला एकच दिसत होतं, की ही जाळी सुचायला कुणीतरी खऱ्या चतुराकडे खूप वेळ, अगदी जवळून पाहिलेलं असणार.

हे काम कसं चाले ते सांगते, कारण ‘घडवलेला’ या एका शब्दाखाली किती हात दडलेत ते त्याशिवाय कळणार नाही. आधी क्लारासारखी कुणी रंगीत चित्र काढी. ते छत्रीच्या आकाराच्या लाकडी साच्यावर उतरवायचं, प्रत्येक तुकड्याची हद्द आखायची. तुकड्यांचे नमुने पितळी पत्र्यात कापायचे, म्हणजे तोच दिवा पुन्हा करता येतो. मग काच निवडणारी बाई रंगीत चादरी खिडकीपाशी उजेडात धरून शोधायची की या पाकळीला चादरीतला नेमका कुठला भाग. चादर मोठी असली तरी हवी ती छटा कधी तळहाताएवढ्याच जागेत असते. तेवढाच भाग कापायचा. त्यामुळे नमुना एकच असला तरी दोन दिवे कधी सारखे होत नाहीत. एक विस्टेरिया सकाळचा वाटतो, दुसरा पावसाआधीचा. मग तुकड्याच्या कडेला मेण लावलेली तांब्याची पट्टी बसवायची, तुकडे साच्यावर मांडायचे आणि सांध्यांना दोन्हीकडून डाख द्यायचा. चर्चच्या खिडक्यांत शिशाच्या जाड खोबणी वापरत, त्यात एवढे लहान तुकडे बसत नाहीत आणि खोल गोलाईही साधत नाही. कागदासारख्या पातळ तांब्यामुळे ते जमलं.

विस्टेरियाच्या एका छत्रीत जवळपास 2000 तुकडे आहेत. माझ्या हाताला शंभर तुकड्यांना पट्टी लावायला दोन दिवस लागतात. पट्टी दोन्ही बाजूंना सारखी बसायला हवी. जरा तिरकी गेली की डाखाची रेघ एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक दिसते, आणि दिवा लावल्यावर ती लपत नाही. बोटांची टोकं काळी पडतात, कापतात, चरचरतात. 2000 या आकड्यावर वाचकाची नजर एका क्षणात पुढे जाईल. मला तो आकडा बोटांना कळतो. 1906 च्या किंमतपत्रकात हा दिवा 400 डॉलरला होता, तेव्हाच्या मानाने फार महाग.

मग नाव का गेलं? टिफनी स्टुडिओजचा शिरस्ता असा की जे बाहेर पडेल ते लुई टिफनीच्या नावाने. दिव्यावर ठसा मारलेला असे तो ‘टिफनी स्टुडिओज न्यूयॉर्क’ असा. मी लुई टिफनीला दूषण देत नाही. त्याच्या हट्टावाचून ही काच झाली नसती, बायकांना हे काम त्याच्याशिवाय कुणी दिलं नसतं. रंगाची जाण बायकांना अधिक असते असं त्याचं म्हणणं होतं. 1903 मध्ये पुरुष काचकामगारांच्या संघटनेने बायकांच्या विभागाविरुद्ध उचल खाल्ली तेव्हा विभाग बंद झाला नाही, पण बायकांच्या संख्येवर 27 ची मर्यादा आली. पुढे फुलापानांचे दिवे बायकांकडे आणि भौमितिक नक्षीचे पुरुषांकडे अशी वाटणी झाली. आज ज्या दिव्यांसाठी लोक दालनात थबकतात ते फुलापानांचे आहेत.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी, संपादक महोदय. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने वर्षाला 10,000 डॉलर किंवा त्याहून जास्त मिळवणाऱ्या बायकांवर लेख छापला, त्यात क्लाराचं नाव होतं. म्हणजे तिच्या हयातीत, तिच्याच शहरात ते छापून आलं होतं. पदक होतं, बातमी होती. तरी पुढे पुस्तकं निघाली, लिलावांच्या यादीपुस्तिका निघाल्या, त्यात सगळीकडे एकच नाव. 1909 मध्ये क्लाराने पुन्हा लग्न केलं, नियमाप्रमाणे नोकरी सोडली. 1944 मध्ये ती गेली. ‘हे मी काढलं होतं’ असं सांगायला तोवर कुणी तिला विचारलंही नसावं, असं मला वाटतं. हा माझा अंदाज.

सुदैवाने ती पत्रं लिहायची. न्यूयॉर्कमध्ये आयर्व्हिंग प्लेसवर एका खाणावळवजा घरात राहायची, सायकल चालवायची आणि आई-बहिणींना लांबलचक पत्रं लिहायची. एकीने वाचून दुसरीला पाठवायची, दुसरीने तिसरीला, अशी ती घराघरांत फिरत. कामाच्या गोष्टी, पैशाचे हिशेब, कुठली मुलगी लग्न करून चालली, कुठल्या दिव्याचा खर्च हाताबाहेर गेला, सगळं त्यांत आहे. काही पत्रं ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात, काही क्वीन्सच्या स्थानिक इतिहास संस्थेत पडून होती. मार्टिन आयडेलबर्ग, नीना ग्रे आणि मार्गारेट हॉफर या अभ्यासकांनी ती वाचली आणि 2007 मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत क्लारा आणि टिफनी गर्ल्सवर प्रदर्शन भरलं. कौटुंबिक पत्रं कुणी रद्दीत घातली नाहीत म्हणून हे कळलं. माझ्या आईची पत्रं मी घर बदलताना टाकून दिली होती. ती आता परत मिळणार नाहीत, आणि त्या दालनातून बाहेर पडताना मला सारखी त्यांचीच आठवण येत होती.

दिवेसुद्धा थोडक्यात वाचले. पहिल्या महायुद्धानंतर आवड बदलली, सरळ रेषांचा जमाना आला, फुलांचे दिवे जुनाट वाटायला लागले. टिफनी स्टुडिओजने 1932 मध्ये दिवाळं काढलं, जानेवारी 1933 मध्ये लुई टिफनी गेला. लाँग आयलंडवरचा त्याचा लॉरल्टन हॉल हा वाडा 1957 मध्ये जळाला. ढिगाऱ्यातून जे हाती लागलं ते ह्यू आणि जॅनेट मॅकीन या दांपत्याने वाचवलं, ते आज फ्लोरिडातल्या विंटर पार्कच्या मोर्स संग्रहालयात आहे. दिव्यांचं ऋण मात्र दुसऱ्या एका जोडप्याकडे जातं. 1935 मध्ये इगॉन न्यूस्टाट हा दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको हिल्डेगार्ड, नवा संसार मांडत होते. ग्रीनिच व्हिलेजमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना डॅफोडिलचा दिवा मिळाला, साडेबारा डॉलरला. ज्या दिव्यांकडे तेव्हा कुणी बघत नव्हतं ते हे दोघं पुढे जन्मभर जमवत राहिले. कारखान्याची उरलेली काचही त्यांनी घेतली. अडीच लाखांहून जास्त तुकडे आहेत ते, आजही संग्रहात जपलेले. 132 दिवे न्यूस्टाटने न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीला दिले, मी पाहिलेले शंभर त्यातलेच. 1997 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात गुलाबी कमळांचा एक टिफनी दिवा 28 लाख डॉलरला गेला. आपल्या लेखात सगळा भर अशा किमतींवरच होता. किंमत वाचकांना आवडते, हे मला कळतं. पण साडेबारा डॉलरला दिवा घेताना न्यूस्टाट जोडप्याला त्यात काय दिसलं असेल, हे मला त्या 28 लाखांपेक्षा जास्त वाचायला आवडलं असतं.

आज बाजारात ‘टिफनी लॅम्प’ म्हणून काहीही मिळतं. प्लास्टिकच्या छत्रीवर छापील फुलं असली तरी नाव तेच. टिफनी हे आता एका प्रकारच्या दिव्याचं नाव झालं आहे, ते कुणी परत घेऊ शकत नाही आणि घ्यायची गरजही नाही. माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण एका ठरावीक दिव्याचा फोटो छापून त्याखाली ‘अमक्याने घडवला’ असं म्हटलं, की ते विधान होतं, आणि आपलं विधान चुकलं आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी शुद्धिपत्रासाठी चार बोटं जागा काढावी, ही विनंती. मजकूर मीच लिहून देते, म्हणजे आपला वेळ जायला नको:

‘चतुरांच्या नक्षीचा दिवा. रचना: क्लारा ड्रिस्कॉल. काचेची निवड आणि काप: टिफनी स्टुडिओजचा महिला काचकाम विभाग, न्यूयॉर्क.’

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका